बिनशिक्क्याचे रोखे

आलापल्लीत कुणाचे निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले, की ती बातमी बँकेच्या मेसेजच्या आधी लच्छूच्या पानठेल्यावर पोचते. सागवान डेपोतून वनपाल म्हणून निवृत्त झालेले गुणवंतराव बोरकुटे त्या सकाळी ठेल्यावर गेले, तेव्हा त्यांना स्वतःला अजून काही कळलेलं नव्हतं. लच्छूनं मात्र त्यांच्या अर्ध्या पैशांची विल्हेवाट लावून ठेवली होती.

"भाऊ, नागेपल्लीले प्लॉट घ्या," पानाला चुना लावता लावता लच्छू म्हणाला. "खनिजाचे ट्रक चालून राह्यले रोडनं. उद्या मातीले सोन्याचा भाव येते."

"अन् सोन्याले?" बाकावरून श्रीहरी गुरुजींनी विचारलं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. समोरच्याचं वाक्य तपासल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही, ही सवय अजून गेलेली नव्हती. "सोन्याले सोन्याचाच भाव येते ना जी? मंग सिधं सोनंच घ्या. माती काऊन मंधात आणता?"

नागपूरहून मुलगा प्रवीण फोनवर म्हणाला, "बाबा, एक अ‍ॅप पाठवतो. रोज पैसे वरखाली होताना दिसतात." हे तो फायदा म्हणून सांगत होता. गुणवंतरावांनी नोकरीभर जी वस्तू सांभाळली ती रोज वरखाली होत नसे. सागाचं झाड सकाळी एवढं आणि संध्याकाळी तेवढं असं करत नाही. ते उभं राहतं. पेरणारा साहेब वेगळा, जपणारा वेगळा आणि तोडणाऱ्या साहेबाच्या आजोबाचं तेव्हा लग्नही झालेलं नसतं. अशा खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला घाईचं वावडं असतं.

म्हणून पेपरात त्यांनी सरकारी बचत रोख्यांबद्दल वाचलं, तेव्हा त्यांचं मन तिथेच बसलं. रिझर्व्ह बँक काढते ते. मुदत सात वर्षं. मधे विकता येत नाहीत, मोडता येत नाहीत, गहाण ठेवता येत नाहीत. वय साठीपार असेल तर थोडी सवलत, आणि गुणवंतराव अजून साठीच्या आत. व्याज वर्षातून दोनदा, एक जानेवारीला आणि एक जुलैला, गुपचूप खात्यात. पेपरातल्या लेखकानं हे सगळे तोटे म्हणून लिहिले होते. गुणवंतरावांनी ते कात्रण देवाच्या फोटोमागं ठेवलं.

"हे पाय," त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. "मुद्दल म्हंजे उभं झाड. त्याले कुऱ्हाड लावाची नाई. व्याज म्हंजे खाली पडलेलं वाळलं लाकूड. तेवढं उचलाचं."

"अन् झाड कधी तोडाचं?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"सात वर्षांनी."

"मंग तवा काय करता?"

"पुन्हा लावू."

सुगंधाबाईंनी भाकरी उलटली.

या सगळ्या पैशांच्या गदारोळात सुगंधाबाईंची एकच मागणी होती, आणि तिला पैसे लागत नव्हते. त्यांना नीलाबाईला भेटायला जायचं होतं.

लग्नानंतर गुणवंतरावांची पहिली नेमणूक भामरागडच्या पलीकडे कोसमगुड्याला झाली, वनरक्षक म्हणून. टिनाचं छप्पर, बांबूचं कुंपण आणि कुंपणापलीकडे इसरू आणि नीलाबाईचं घर. गुणवंतराव गस्तीला गेले की आठ-आठ दिवस परत येत नसत. नवी नवरी एकटी घरात. नीलाबाईला मराठी येत नव्हती आणि सुगंधाबाईंना माडिया येत नव्हती, त्यामुळे दोघी बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. एकमेकींना काही समजत नसलं की गैरसमजही होत नाहीत. पुढे दोघींना दोन्ही भाषा येऊ लागल्या तरी मैत्री टिकली, हे विशेष. प्रवीण जन्मला तेव्हा नदीला पूर होता आणि दवाखाना नदीच्या अल्याड होता. त्या रात्री जे काही केलं ते नीलाबाईनं. साहेब तेव्हा गस्तीवर.

मग बदली झाली. निघताना सुगंधाबाई म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्यात येतो." पण उन्हाळे काय, येतात आणि जातात. एका उन्हाळ्यात वणवा, एकात प्रवीणची परीक्षा, एकात रस्ता बंद, एकात 'वातावरण बरोबर नाई'. डेपोत बढती झाली तेव्हा तर गुणवंतरावांना पोळ्यालाही सुट्टी मिळेना. मधे एकदा इसरू तेंदूपत्त्याच्या कामानं आलापल्लीला आला. मधाची बाटली घरी ठेवून गेला आणि जाताना उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "नीला पुसते, बाई कधी येते म्हणून." सुगंधाबाईंनी तो मध कितीतरी दिवस उघडला नाही. उघडला असता तर संपला असता.

"एकदा रिटायर होऊ दे, मंग जाऊ," गुणवंतराव म्हणत. ते रिटायर झाले. "एकदा पैशाचं मार्गी लागू दे, मंग जाऊ," ते म्हणाले.

पैशाचं मार्गी लावायला ते प्रथम तालुक्याच्या शाखेत गेले. तिथल्या साहेबांनी मोठ्या आदरानं बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "रोखे कशाला? विमा घ्या ना!" गुणवंतराव म्हणाले, रोखे. साहेब म्हणाले, विमा. तासाभरानं ते बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या हातात विम्याची तीन माहितीपत्रकं, गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि क्रेडिट कार्डाचा अर्धा भरलेला अर्ज होता. रोख्यांसाठी गडचिरोलीला जा, असं शेवटी पहारेकऱ्यानं सांगितलं, आणि तेही बाहेर आल्यावर, कानात.

तोवर मोहफुलं पडून वेचून झाली होती. नीलाबाईकडे जाण्याचा तो मोसम गेला. तेंदूपत्ता सुरू झाला, तोही गेला. आषाढ लागता लागता नवरा-बायको गडचिरोलीच्या गाडीत बसले. खड्डे आणि खनिजाचे ट्रक यांतून वाट काढत गाडी पोचेपर्यंत सुगंधाबाईंच्या पिशवीतल्या दशम्यांचा चुरा झाला होता.

बँकेतल्या करिष्मा मॅडम मात्र गोड. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. "काका, व्याजदर कायमचा नाई. दर सहा महिन्यांनी ठरते. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा जो दर असंल, त्याच्यापेक्षा थोडा जास्त. तो वाढला का तुमचा वाढते, तो कमी झाला का तुमचा कमी. अन् व्याजावर टॅक्स लागते बरं, आधीच सांगून ठेवते."

"म्हंजे पाणी असंल तसं झाड वाढते," गुणवंतराव म्हणाले.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. त्या मूळच्या शहरातल्या असाव्यात, कारण त्यांनी हे खरं मानलं.

रोखे दोघांच्या नावानं घ्यायचे होते. सुगंधाबाईंनी सही केली. मॅडमनी संगणकात पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. "काकू, सही जुळत नाई."

त्यांनी पडदा वळवून दाखवला. कोसमगुड्याला असताना भामरागडला उघडलेल्या खात्यावरची सही होती ती. 'सुगंधा' मधल्या 'धा'च्या काठीला खाली एक वेल काढलेली, वेलीच्या टोकाला चक्क एक पान. सुगंधाबाई त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मागं रांगेतला माणूस खोकला. पुन्हा खोकला.

"ही मी केली होती?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच हाय, काकू. आता अशीच करा एकदा."

"त्या वयाची सही आता कुठून आणू, बाई?"

पण त्यांनी केली. चौथ्या खेपेला पान जमलं. पेन खाली ठेवताना त्या कुणाला सांगावं तसं नाही, नुसतं म्हणाल्या, "नीला सोबत होती त्या दिवशी. ते पान काढतानी पाहून लय हासली होती."

गुणवंतराव त्या वेळी पॅनकार्डाची झेरॉक्स शोधत होते.

रोखे झाले. नीलाबाईकडे जायचा दिवस ठरला, रविवारचा. सुगंधाबाईंनी नवं लुगडं, चिवडा आणि तिखटाची पुडी पिशवीत भरली. आणि शनिवारी प्रमाणपत्र आलं.

म्हणजे प्रवीणच्या मेलवर आलं, त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि गुणवंतरावांनी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढलं. साधा पांढरा कागद. नावं बरोबर, रक्कम बरोबर, मुदत बरोबर. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, हे संगणकावर तयार झालेलं आहे, सही-शिक्क्याची गरज नाही.

इथे वनखात्याबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. डेपोतून लाकूड बाहेर पडायचं तर त्याच्या कापलेल्या तोंडावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का पडावा लागतो. लोखंडी हातोडा, टोकाला उलटी अक्षरं, एक दणका, की ते लाकूड सरकारमान्य. शिक्का नाही ते लाकूड चोरीचं. मग ते कुणाचं का असेना. गुणवंतरावांनी एकदा खुद्द आमदारांच्या दरवाज्याचं लाकूड शिक्का पुसट म्हणून नाक्यावर अडवून धरलं होतं. त्यावर त्यांची पाच गावांत वाहवा झाली आणि सहाव्या गावी बदली झाली. तर अशा माणसाच्या हातात आयुष्यभराची कमाई आली, आणि तिच्यावर शिक्का नाही!

"गरज नाई म्हणते," त्यांनी ठेल्यावर कागद दाखवला. "कोण म्हणते गरज नाई? ज्याले शिक्का मारता येत नाई, तोच म्हणंल."

गुरुजींनी चष्मा लावून कागद उजेडाला धरला. "मी पोरांचे दाखले द्यायचो, त्यावर गोल शिक्का असे. नापास झालेल्या पोराच्या दाखल्यावरसुद्धा."

"माझ्या बकरीच्या विम्याले शिक्का होता," लच्छू म्हणाला. "बकरी मेली, तरी शिक्का होता."

"मंग पैसे भेटले का?"

"नाई भेटले. पण शिक्का होता."

गुणवंतरावांनी तिथूनच करिष्मा मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "काका, खरंच लागत नाई शिक्का." गुणवंतरावांनी हातोड्याची सगळी हकिगत सांगितली. मॅडमनी ती ऐकून घेतली, यावरून त्या दिवशी बँकेत गर्दी नसावी. शेवटी थकून म्हणाल्या, "बरं, शाखेचा शिक्का पाह्यजे असंल तर दोघांचा सहीनिशी अर्ज द्या. सोमवारी या."

घरी येऊन गुणवंतराव उत्साहानं म्हणाले, "आपलं उद्याचं जाणं थोडं पुढं ढकलू. सोमवारी गडचिरोली. शिक्का झाला का मंग..."

सुगंधाबाई पिशवीला गाठ मारत होत्या. ती गाठ त्यांनी सोडली नाही. "सोमवारी तर सोमवारी," म्हणाल्या.

सोमवारी सकाळी दोघं आलापल्लीच्या चौकात उभे होते. गुणवंतरावांच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात प्रमाणपत्र, अर्ज आणि अर्जाच्या तीन प्रती. सुगंधाबाईंच्या हातात तीच पिशवी. गुणवंतरावांना वाटलं, दशम्या असतील. चौकात एकाच वेळी दोन गाड्या लागल्या. एकीवर पाटी गडचिरोली, दुसरीवर भामरागड. गुणवंतरावांनी चढून दोन जागा धरल्या, शेजारच्या जागेवर रुमाल टाकला आणि खिडकीतून हाक मारली, "आयकतं का वं, चढ ना!"

सुगंधाबाई दुसऱ्या गाडीच्या पायरीवर होत्या.

"ती नाई, ही गाडी!" गुणवंतराव ओरडले.

"माहीत हाय मले," सुगंधाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्या चौकाला ऐकू आलं. "तुमी शिक्का आणा जी. मी चालली."

"अर्जावर सही लागते तुही!"

"पान काढून तुमीच करा!"

भामरागडच्या गाडीत कुणीतरी हसलं. कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी सागांच्या रांगेत शिरली आणि वळणावर दिसेनाशी झाली. गुणवंतराव रुमाल टाकलेल्या जागेशेजारी बसून राहिले. चामोर्शीपर्यंत त्यांनी त्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही.

बँकेत मॅडमनी विचारलं, "काकू कुठी?"

"मागच्या गाडीनं येऊन राह्यल्या," गुणवंतराव म्हणाले. नोकरीत त्यांनी लाकडाबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. बायकोबद्दलचा हा पहिलाच प्रसंग. मग ते बाकावर बसले आणि दाराकडे बघत राहिले, जणू खरंच कुणी यायचं होतं. जेवणाची सुट्टी झाली. कुणी आलं नाही. शटर अर्धं खाली आलं, तेव्हा मॅडम उठल्या, गुणवंतरावांच्या हातातून प्रमाणपत्राची प्रत घेतली, खणातून शिक्का काढला, शाईवर दाबला आणि मारला. "न्या काका. अर्ज नंतर द्या."

दणका बारीक होता, पण होता. परतीच्या प्रवासात गुणवंतरावांनी तो कागद चारदा काढून पाहिला. आष्टी आली तेव्हा पाऊस धो-धो कोसळत होता. घरी पोचले तर कुलूप. हे अपेक्षितच होतं. तरीही त्यांनी कुलूप असलेल्या दारावर एकदा टकटक केलं.

त्याच संध्याकाळी पर्लकोटा पुलावरून वाहू लागली. छत्तीसगडकडे पाऊस झाला, की भामरागडला नदी फुगते. भामरागडच्या लोकांना हे नवीन नाही, तिथे पावसाळ्याचा किराणाच वेगळा भरतात. पण संपर्क तुटलेल्या गावात आपलं माणूस असणं हे गुणवंतरावांना नवीन होतं. आजवर तुटलेल्या बाजूला तेच असत. सुगंधाबाईंचा फोन लागेना. लावला की एक बाई मराठीत आणि मग इंग्रजीत सांगे, की हा नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. गुणवंतरावांनी तिचं दोन्ही भाषांत, शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा ऐकलं.

शिक्का त्यांनी गुरुजींना दाखवला. गुरुजी म्हणाले, "थोडा तिरपा पडला." लच्छूला दाखवला. लच्छू म्हणाला, "भाऊ, वयनी कुठी हायेत?" हा प्रश्न त्याच्या ठेल्यावर येणाऱ्या प्रत्येकानं विचारला. 'माहेरी' म्हणावं तर माहेर भामरागडला नाही. 'मैत्रिणीकडे' म्हणावं, तर वनपालाच्या बायकोला मैत्रीण असते हे आलापल्लीत कुणी मनावर घेईना.

"झगडा झाला का जी?" गुरुजींनी मायेनं विचारलं.

"आमच्यात झगडा होत नाई."

"मंग तर गंभीर हाय," गुरुजी म्हणाले.

घरात बोलायला कुणी नव्हतं. गुणवंतराव दुपारी ओसरीवरच्या सुगंधाबाईंच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची नेहमी थोडी वाकडी ठेवलेली असे, आणि येता-जाता ते ती सरळ करत. सुगंधाबाई पुन्हा वाकडी करत. त्यांना वाटे, बाईमाणसाला कोन कळत नाही. आज सरळ करायचं राहून गेलं आणि ते तसेच बसले. समोर पाहिलं. त्या वाकड्या खुर्चीतून पारिजात दिसत नव्हता, शेजारचं घर दिसत नव्हतं. फाटकाच्या दोन खांबांमधून फक्त रस्ता दिसत होता, डेपोपासून ते जंगलाच्या वळणापर्यंत. तेवढाच. ज्या रस्त्यानं माणूस गस्तीवरून घरी येतो तो रस्ता.

गुणवंतराव अंधार पडेपर्यंत तिथे बसले. रस्त्यानं ट्रक गेले, गाई आल्या, शाळेतल्या मुली सायकलवरून गेल्या. प्रत्येक वेळी वळणावर काही हललं, की त्यांची मान पुढं होई. सात वर्षं थांबायला जो माणूस आनंदानं तयार झाला होता, त्याला वळणावरून येणारी प्रत्येक गाय सुगंधाबाईंसारखी वाटू लागली. हे त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही, आणि सुगंधाबाईंना तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. गाड्या ताडगावपर्यंतच होत्या. तिथून एका किराणा पोचवणाऱ्या जीपमधे, कांद्यांच्या पोत्यांवर बसून ते नदीपर्यंत गेले. पुलाचे कठडेसुद्धा दिसत नव्हते. लाल पाणी झाडांच्या खांद्यापर्यंत चढून वाहत होतं. दोरी बांधलेली आणि दोरीपाशी एक तरुण पोलीस.

"काका, मागं सरका."

"मी वनपाल होतो. या भागात नोकरी केली हाय मी."

"नदीले नाई ना माहीत, काका. सरका."

गुणवंतराव सरकले. पलीकडे भामरागडच्या काठावर माणसांचे ठिपके होते. त्यांत कुणीतरी लुगड्याचं आहे, असं त्यांना दर थोड्या वेळानं वाटे आणि ते हात हलवत. पलीकडून एकदा कुणीतरी हात हलवलाही. तो नंतर दुकानदार निघाला. संध्याकाळी पोलिसानं त्यांना आपल्या राहुटीत जागा दिली आणि विचारलं, "पल्याड काय अडकलं तुमचं?" गुणवंतराव म्हणाले, "सामान हाय थोडं."

पहाटे पाणी उतरलं. पुलावर गाळ होता, गाळात अडकलेल्या फांद्या होत्या. इस्त्रीची पँट वर दुमडून गुणवंतराव माणसांच्या पहिल्या टोळीत पलीकडे गेले. बाजारात कुणाला विचारावं म्हणून थांबले, तर समोर मिठाची पिशवी घेऊन इसरू. केस पांढरे झालेले, चाल तीच.

"जोहार, गार्डसाहेब."

गुणवंतराव मधल्या काळात गार्डाचे वनपाल झाले होते, त्या बढतीसाठी त्यांनी दोन परीक्षा दिल्या होत्या. ते म्हणाले, "जोहार. बाई कुठी हाय?"

"रोवण्यावर," इसरू म्हणाला.

"कोणाच्या?"

"आमच्या. आली त्या दिवशीपासून."

कोसमगुड्यापर्यंत इसरू पुढं आणि ते मागं, दोघं चालत गेले.  जुन्या क्वार्टरपाशी इसरू थांबला. टिन कुणीतरी नेलं होतं, बांबूचं कुंपण केव्हाच संपलं होतं. "नीलानं कुंपण काढू दिलं नाई लय वर्षं," तो म्हणाला. "मंग वाळवीनं काढलं."

शिवारात बायांची रांग वाकून भात रोवत होती. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, सगळ्यांची लुगडी खोचलेली. गुणवंतराव बांधावर उभे राहून आपली बायको शोधू लागले आणि त्यांना ती सापडेना. मग रांगेच्या टोकाकडून हसू आलं. मोठं, मोकळं, पोट धरून हसलेलं. असं हसणारी बाई त्यांच्या घरात राहत नव्हती, म्हणून त्यांनी तिकडे उशिरा पाहिलं. ती सुगंधा होती. शेजारी नीलाबाई, बुटकी, सुकलेली. दोघींचे खांदे एकमेकींना लागत होते. दोघी माडियात एकाच वेळी बोलत होत्या आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

गुणवंतरावांनी घसा साफ केला. येताना कांद्यांच्या पोत्यांवर त्यांनी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. बरंच काही होतं. चुकलं, असं होतं. त्या खुर्चीचंही होतं. पण रांगेतल्या सगळ्या बायांनी एकदम माना वर केल्या आणि त्यांच्या तोंडून निघालं, "पूल मोकळा झाला. दोनची गाडी हाय."

सुगंधाबाईंनी हातातल्या भाताच्या रोपांकडे पाहिलं. "पऱ्हे उपटले हायेत जी. उपटलेले पऱ्हे थांबत नाई."

"मंग कधी निघाचं?"

"ही बांधी झाली का मंग ती. ती झाली का नाल्याकडची."

गुणवंतरावांनी नाल्याकडे पाहिलं. तिकडे भाताच्या, पाणी भरलेल्या बांध्या एकीमागून एक आभाळ दाखवत पडल्या होत्या. नीलाबाई काहीतरी बोलली आणि सगळी रांग हसली.

"काय म्हणते?"

"म्हणते, गार्डसाहेब अजूनही नुसतेच उभे राह्यतात."

गुणवंतराव उभे होते. पाकीट खिशात होतं, शिक्का पाकिटात होता. तो दाखवावा असं त्यांना का कोण जाणे वाटलं नाही. मग त्यांनी विचारलं, "चहापत्ती कुठी ठेवली तू?"

सुगंधाबाईंचा हात थांबला. "चुलीवरच्या फळीवर. निळ्या डब्यात. दिसली नाई?"

"पाह्यली नाई."

"मंग चहा?"

"घेतलाच नाई."

सुगंधाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रांगेतल्या बाया हसायच्या थांबल्या. ज्यांना मराठी येत नव्हती त्याही थांबल्या.  सुगंधाबाईंनी चिखलातून पाय उचलला आणि त्या नीलाबाईकडे थोड्या सरकल्या, एवढ्याच, की दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली.

गुणवंतरावांनी बूट काढले, त्यांत मोजे घातले आणि ते बांधावर सरळ रेषेत ठेवले. चिखल थंड होता. इसरूनं रोपांची एक पेंढी त्यांच्या हातात दिली. ते वाकले आणि त्यांनी रोवायला सुरुवात केली. त्यांची पहिली ओळ भामरागडकडे झुकली, दुसरी छत्तीसगडकडे. नीलाबाई सुगंधाबाईंच्या पुढून हात घालून ती रोपं मुकाट्यानं उपटायची आणि पुन्हा नीट लावायची.

गुणवंतरावांनी ते पाहिलं. एरवी ते काहीतरी बोलले असते. त्यांनी पुढची मूठ घेतली.